दुसऱ्याचा चक, आपला स्पिंडल

पुण्यात उद्योगधंद्यांवर कुणी भाषणाला उभं राहिलं की गाडी फार वेळ न घालवता जुगाडावर येते. उदाहरणही ठरलेलं असतं. भोसरीतली एखादी शेड, शेडमध्ये जुना सहा फुटी लेथ. लेथ एका कंपनीचा, त्यावरचा चक, म्हणजे जॉब पकडणारा पंजा, दुसऱ्या कंपनीचा, टेलस्टॉकमध्ये स्लीव्ह घालून बसवलेलं तिसऱ्याच मशीनचं सेंटर, आणि टूलपोस्टमध्ये टूलखाली सारलेली पॅकिंग. पडद्यावर हा फोटो आला की सभागृहात हशा पिकतो आणि वक्ता निकाल देऊन मोकळा होतो: असल्या उसनवारीतून दर्जा कधी येणार नाही. ज्या कंपनीचं मशीन त्याच कंपनीचा चक लावा, आणि तो मिळत नसेल तर मशीन भंगारात काढून सीएनसी घ्या.

उंटावरून शेळ्या हाकण्याचा हा प्रकार वर्षानुवर्षं चालला आहे. त्याला उत्तर मिळत नाही, कारण ज्यांनी उत्तर द्यायचं ते त्या वेळी शेडमध्ये जॉब लावून उभे असतात. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. पण त्या फोटोवर हसणाऱ्यांपैकी किती जणांनी कधी चकाला डायल, म्हणजे फिरण्यातली चूक दाखवणारं मापक, लावून पाहिला आहे, हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा.

फोटोतल्या गोष्टी एकेक करून बघू. टूलची धार सेंटरच्या उंचीला आणायची तर फोर-वे टूलपोस्टमध्ये पॅकिंग घालावीच लागते. ती सपाट आणि टूलच्या बुडाला पुरेल इतकी लांब असली की त्यात वावगं काही नाही. टेलस्टॉकमधली स्लीव्ह तर दीडशे वर्षांची मान्य रीत आहे, लेथ बनवणारे स्वतःच ती मशीनबरोबर देतात. राहिला चक. आणि खरं सांगायचं तर, शेडमधला टर्नर हाताचा चांगला असेल तर त्या सबंध फोटोत सर्वांत नीट केलेली गोष्ट तो परका चकच असतो.

माझं म्हणणं सरळ आहे. एका लेथची वस्तू दुसऱ्या लेथवर बसवणं हे टर्नरच्या कामाचं अंग आहे, त्याची चोरवाट नाही. ते नीट झालं की नाही हे मोजता येतं. ज्यांना मोजायचं नाही ते कंपनीचं नाव वाचतात.

आता ‘मूळ कंपनीचंच लावा’ या सल्ल्याकडे येऊ. कुठल्या कंपनीचं? पुणे-पिंपरीच्या जुन्या शेडमध्ये आजही दिसणारे कित्येक लेथ हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे आहेत. महायुद्धाच्या धामधुमीत, १९४१ साली, किर्लोस्करांनी हा कारखाना उभा केला. ‘एंटरप्राइज’ आणि ‘टर्नमास्टर’ ही त्याच्या लेथांची नावं जुन्या टर्नरांना अजून पाठ आहेत. तो कारखाना या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला. त्यांचे लेथ अजून कट मारतायत, त्यांचा सुट्या भागांचा काउंटर मात्र उरलेला नाही. त्याच्याही आधीची यंत्रं आहेत: महायुद्ध संपल्यावर लष्करी डिस्पोजलच्या लिलावांतून निघालेली अमेरिकन आणि इंग्रजी मशिनं, ज्यांच्या मूळ कंपन्यासुद्धा दोन-तीनदा विकल्या गेल्या. आणि त्यांच्या शेजारी राजकोट, बटाला, लुधियाना इथले हलके लेथ, ज्यांच्या पाटीवरचं नाव दर काही वर्षांनी बदलतं. या सगळ्यांच्या बाबतीत ‘मूळ कंपनी’ म्हणजे नेमकं कुणाचं दार ठोठावायचं, हे भाषणात कधी सांगितलं जात नाही.

त्याहून मोठी गंमत पुढे आहे. जिथे मूळ कंपनी जिवंत आहे तिथेसुद्धा तिने चक सहसा बनवलेलाच नसतो. लेथ बनवणारे लेथ बनवतात आणि चक बनवणारे चक. पहिल्या दिवशी मशीनवर जो ‘मूळचा’ चक असतो, तो चकवाल्याकडून आलेला असतो, आणि लेथवाल्याच्या कारखान्यात कुणीतरी बॅकप्लेट, म्हणजे चक आणि स्पिंडल यांना जोडणारी थाळी, कातून तो त्या स्पिंडलवर बसवलेला असतो. म्हणजे कारखान्यात एका टर्नरने जे केलं, तेच वीस वर्षांनी भोसरीतल्या टर्नरने केलं. पहिल्याला मूळ म्हणायचं आणि दुसऱ्याला जुगाड, याला आधार काय? पहिल्याच्या अंगावर गणवेश होता एवढाच.

एका लेथचा चक दुसऱ्याला सरळ का बसत नाही, याचं कारण स्पिंडल नोजमध्ये आहे, म्हणजे हेडस्टॉकमधून बाहेर डोकावणाऱ्या स्पिंडलच्या तोंडात. जुन्या आणि हलक्या लेथांचं तोंड आट्यांचं असतं. नऊ इंची साउथ बेंडला दीड इंच व्यास आणि इंचाला आठ आटे. इंग्लंडच्या मायफर्डच्या एमएल ७ ला सव्वा इंचाहून एक सूत कमी, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, आणि इंचाला बारा आटे. पुढे लांब टेपर आणि चावीचं एल मालिकेचं तोंड आलं. मग आखूड टेपरचं ए मालिकेचं, आणि त्याच आखूड टेपरवर कॅम फिरवून चक जखडणारं डी१ मालिकेचं, ज्याला सगळे कॅमलॉक म्हणतात. युरोपात बायोनेट रिंगवालं आणखी वेगळं. कॅमलॉकमध्येही डी१-४ ला टेपरचा व्यास ६३.५ मिलिमीटरच्या आसपास आणि पिना तीन. डी१-६ ला १०६.३७५ मिलिमीटर आणि पिना सहा. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ७०२ यांतली आखूड टेपरची तोंडं वेगवेगळ्या भागांत बांधून देतं. म्हणजे जगातल्या मानकं ठरवणाऱ्यांनीच हे मान्य केलं आहे की तोंडं अनेक असणार आणि चक त्यांच्यात फिरणार. मानक असतं ते त्यासाठीच.

आणि म्हणूनच नावाजलेले चकवाले सपाट पाठीचा चक विकतात आणि त्याच्यासोबत अर्धी कातलेली बॅकप्लेट वेगळी देतात. तिची मागची बाजू तुम्हाला हव्या त्या तोंडाची, पक्की तयार. पुढची बाजू मुद्दाम कच्ची, जास्तीचा माल ठेवलेली. ती का कच्ची ठेवतात? हे एकदा नीट समजून घेतलं तर ते भाषण तिथेच संपतं.

भोसरीत हे काम कसं होतं ते जवळून बघा. समजा स्पिंडलचं तोंड आट्यांचं आहे आणि हाती आलेला चक दुसऱ्या मशीनवरचा, सपाट पाठीचा. बॅकप्लेटसाठी बीडाची एक थाळी घेतात. स्पिंडल काही काढून थाळीत घालून बघता येत नाही, म्हणून आधी स्पिंडलच्या तोंडाची हुबेहूब नक्कल एका गोलावर कातली जाते. तेच आटे, आट्यांमागचा तोच बिनआट्यांचा गळा, मायक्रोमीटरने मोजून. मग थाळी फोर-जॉ, म्हणजे चार दाढांच्या, चकात धरून बोअर मारतात, आत टूल सुटायला खाच घेतात, आटे पाडतात, गळ्याचा बोअर करतात आणि खांद्यावर टेकणारा फेस मारतात. हे सगळं एकाच सेटिंगमध्ये. थाळी मध्ये एकदाही सोडायची नाही. सोडली की आटे एका अक्षावर, गळा दुसऱ्या, आणि फेस तिसऱ्याच दिशेला.

इथे एक गोष्ट पुस्तकी माणसाच्या हमखास हातून निसटते. चक सेंटरला आणण्याचं काम आटे करत नाहीत. आटे फक्त ओढून धरतात. चकाची जागा ठरते ती गळ्यावर आणि खांद्यावर. त्यामुळे आटे थोडे सैल असले तरी चालतात, गळा सैल चालत नाही. नक्कल थाळीत फिरवून बघताना शेवटच्या फेऱ्यांत गळा बोअरमध्ये शिरतो तेव्हा तेलाचा एक बारीक चुळचुळ आवाज येतो आणि हाताला कुठेही खडखड लागत नाही. जाणता टर्नर इथे थांबतो. त्यानंतर खांद्याला निळं लावून थाळी खऱ्या स्पिंडलवर चढवायची आणि उतरवून बघायची. निळ्याची गोल रिंग पूर्ण उमटली तर फेस बसला. अर्धी चंद्रकोर उमटली तर परत काम.

आता थाळी तिच्या कायमच्या जागी, तिच्याच स्पिंडलवर आहे. आणि इथे तो कच्चा ठेवलेला पुढचा माल कामाला येतो. थाळीचा फेस आणि चकाच्या पाठीतल्या खड्ड्यात शिरणारी पायरी याच स्पिंडलवर फिरवत कातायची. स्पिंडलच्या तोंडात जी काही बारीक खोट असेल, आटे कातताना जी काही चूक राहिली असेल, ती सगळी या शेवटच्या कटात पुसली जाते, कारण आता थाळी ज्या अक्षावर फिरते त्याच अक्षावर ती कातली गेली. पायरी हाताच्या दाबाने आत जाईल इतकीच घट्ट, आणि खड्ड्याच्या खोलीपेक्षा किंचित कमी उंच. चक फेसवर टेकला पाहिजे, पायरीच्या टोकावर नाही. बोल्टची भोकं चकावरून खुणा घेऊन, मागून, थोडी ढिली. मग बोल्ट आवळून चकाच्या अंगावर डायल लावायचा.

कारखान्यात ‘थेट बसणारा’ म्हणून आलेला चक या स्पिंडलने आयुष्यात कधी पाहिलेला नसतो. तो एका आदर्श तोंडासाठी बनवलेला असतो, आणि पंधरा वर्षं चाललेलं तोंड आदर्श राहत नाही. उलट या परक्या चकाची थाळी याच तोंडावर जन्मली. दोघांत कोण ट्रू फिरण्याची शक्यता जास्त? चकवाले बॅकप्लेट कच्ची ठेवतात ते पैसे वाचवायला नाही. शेवटचा कट गिऱ्हाइकाच्या स्पिंडलवरच झाला पाहिजे, हे त्यांना माहीत आहे.

इथपर्यंत आल्यावर मंडळी मोर्चा सीएनसीकडे वळवतात. जुन्या लेथचं काय घेऊन बसलात, सीएनसीवर हे सगळे प्रकार संपले म्हणून. संपले? सीएनसी टर्निंग सेंटरचं तोंड बहुतेक ए२-५ किंवा ए२-६ असतं, आणि त्यावरचा पॉवर चक कित्येकदा अॅडॉप्टर प्लेटवर बसतो, जी चकवालाच वेगवेगळ्या तोंडांसाठी विकतो. पण प्लेट सोडा. सीएनसीवर काम करणारा पोरगा रोज सॉफ्ट जॉ बोअर करतो. मऊ लोखंडाचे जॉ चकात जखडायचे, कामाच्या दाबाने रिंग आवळायची आणि त्याच स्पिंडलवर, जॉबच्या व्यासाला जॉ कातायचे. का? कारण बाहेर कातून आणलेले जॉ कितीही अचूक असले तरी या चकात, या स्पिंडलवर ते आऊटच जाणार. तत्त्व तेच, बॅकप्लेटचं. ज्या फ्लोअरचे फोटो भाषणात आदर्श म्हणून दाखवतात, तिथे दिवसातून अनेकदा हेच केलं जातं आणि तिथे त्याला ‘बेस्ट प्रॅक्टिस’ म्हणतात.

आता विरोधकांच्या पदरात त्यांचं माप टाकायला हवं, कारण काही गोष्टींत ते अगदी बरोबर आहेत. त्या गोष्टी मात्र ते बोलत नाहीत, म्हणून मीच बोलतो.

आट्यांच्या तोंडावरचा चक उलट फिरवताना सुटू शकतो. ही जुनी धोक्याची जागा. हल्ली ती नव्याने धोक्याची झाली आहे, कारण लोक जुन्या लेथला व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग बदलणारं यंत्र, लावतात आणि मोटार झटक्यात थांबवायची सेटिंग ठेवतात. स्पिंडल थबकतो, जड चक त्याच्या वेगाने पुढे फिरत राहतो आणि आट्यांवरून उलगडत जातो. पंचवीस-तीस किलोचा चक बेडवर आदळला तर बेडचं नशीब. माणसावर आला तर बोलायलाच नको. अशा लेथला थांबायला वेळ द्यायचा, आणि उलट फिरवून कट मारायचा नाही. याला तोडगा नाही.

दुसरं, मोठ्या लेथचा मोठा चक छोट्या लेथवर चढवायचा मोह. प्लेटच्या जाडीने चक आणखी पुढे लोंबतो, सगळा भार पुढच्या बेअरिंगवर येतो आणि कटात खडखडाट सुरू होतो. शिवाय चकाच्या अंगावर कमाल फेऱ्यांचा आकडा कोरलेला असतो. तो मशीनच्या फेऱ्यांशी ताडून बघणारे फार कमी. फेऱ्या दुप्पट झाल्या की जॉ बाहेर ओढणारा जोर चौपट होतो आणि पकड तेवढीच घटते. बीडाचं अंग असलेला जुना चक आणि नव्या मोटारीचा वेग ही जोडी एकत्र आणणारा माणूस माझ्या बाजूचा नाही.

तिसरं, जॉ. चक एका लेथवरून दुसऱ्यावर नेता येतो. जॉ एका चकातून दुसऱ्यात नेता येत नाहीत. कंपनी तीच, आकार तोच, आकडा तोच असला तरी नाही. चांगल्या चकाचे जॉ त्याच्याच अंगात बसवून घासलेले असतात आणि त्यांवरचे एक-दोन-तीन हे आकडे त्याच अंगातल्या खाचांपुरते असतात. जुन्या बाजारात कुणी एका चकाचे जॉ दुसऱ्यात घालून ‘पूर्ण सेट’ म्हणून विकत असेल तर त्याच्याकडून फक्त लोखंडाच्या भावाने घ्यायचं. आणि वेल्डिंग: बॅकप्लेटला वेल्ड करून जोड दिलेला दिसला की विचार न करता उतरवायचं. बीडाला वेल्ड आणि फिरतं वजन यांचं जमत नाही.

या चारही गोष्टी मोजता येतात, दाखवता येतात, बंद करता येतात. एका फोटोवर हसून त्या बंद होत नाहीत.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांना उत्तर द्यायला हवं, कारण मला या पहिल्यांपेक्षाही त्यांचा जास्त त्रास होतो. २०१२ साली नवी राजू, जयदीप प्रभू आणि सिमोन आहुजा यांचं ‘जुगाड इनोव्हेशन’ हे पुस्तक आलं, आणि तेव्हापासून आपल्याकडे जुगाडाचे भाट वाढले. त्यांच्या लेखी शेडमधली प्रत्येक जोडणी ही प्रतिभा. कमी साधनांत जास्त करून दाखवलं, झालं! ‘चालतंय ना?’ हा त्यांचा शेवटचा प्रश्न.

चालतंय म्हणजे किती चालतंय? एक उदाहरण पुरे. आपल्याकडचे अनेक जुने लेथ इंच मापाचे. वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६ चा, पण बेडखालचा लीडस्क्रू कायद्याने बदलत नाही. इंचाला चार आट्यांचा तो लीडस्क्रू, म्हणजे ६.३५ मिलिमीटर पिचचा. त्यावर २ मिलिमीटर पिचचे आटे पाडायचे तर चेंज गिअरचं गुणोत्तर नेमकं ४० ला १२७ येतं. कारण इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि १२७ म्हणजे त्याच्या पाचपट. त्याहून लहान पूर्ण आकड्यात हे बसत नाही. आता १२७ दात्यांचा गिअर मोठा असतो, महाग असतो, छोट्या लेथच्या बॅन्जोत मावत नाही. मग शेजारच्या लेथचा ६३ दात्यांचा गिअर घेऊन २० ला ६३ लावतात. पिच येतो २.०१६. चालतंय! आखूड नट त्यावर चढतोसुद्धा. पण दहा आट्यांवर ती चूक ०.१६ मिलिमीटर होते आणि लांब नट मध्येच जाम होतो. एका दिवसाचा बोल्ट-नटांचा धंदा असेल तर ६३ चालेल. सीएनसीवर बनलेल्या जोडीदारात तो रॉड जाणार असेल तर १२७ च हवा. प्रतिभा ६३ मध्ये नाही आणि १२७ मध्येही नाही. कुठे कोणता लावायचा हे माहीत असण्यात थोडीफार आहे.

गिअरच्या उसनवारीत आणखी एक फसवी जागा आहे. इंच मापाचा २० डीपीचा गिअर आणि १.२५ मॉड्यूलचा गिअर डोळ्यांना सारखेच दिसतात. २० डीपी म्हणजे मॉड्यूल १.२७, फरक दोन शतांशाचा. दोघं एकमेकांत शिरतातही आणि थोडे दिवस फिरतातही, कर्कश आवाज करत. मग दाते झिजू लागतात. भाटांना हा आवाज ऐकू येत नाही, कारण ते फक्त फोटो बघतात. या बाबतीत ते आणि सभागृहात हसणारे एकाच रांगेत बसलेले आहेत.

आता टेलस्टॉकमधल्या स्लीव्हबद्दल थोडक्यात, जिचा टेपर मोर्स टेपर असतो. मोर्स टेपर एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या स्टीफन मोर्सच्या नावाने रूढ झाला आणि जगभरच्या टेलस्टॉकमध्ये जाऊन बसला. त्यातली खोच अशी की त्याच्या आकड्यांचे कोन एकसारखे नाहीत. सगळे साधारण एकास वीस, पण एमटी २ चा थोडा निराळा, एमटी ३ चा निराळा, एमटी ५ चा आणखी निराळा. त्यामुळे अंदाजाने कातलेली स्लीव्ह नजरेला बसलेली वाटते आणि एकाच टोकाला टेकते. ड्रिल मारताना ती गरकन फिरते आणि टेलस्टॉकचा बोअर ओरबाडते. बाहेरून-आतून घासलेली तयार स्लीव्ह रविवार पेठेत बोहरी आळीत मिळते. तिथे स्वतः कातण्याचा हट्ट धरण्यात शहाणपण नाही. चकाची थाळी मात्र स्वतःच्या स्पिंडलवर कातण्यातच शहाणपण आहे. दोन्ही ‘अॅक्सेसरी’, दोन्ही परक्या, दोन्हींचा न्याय उलटा.

शेवटचा आक्षेप पैशांचा, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. टर्नरचा अख्खा दिवस एका थाळीवर घालवण्यापेक्षा नवा चक का नाही घ्यायचा? उत्तर असं की नवा चक घेतलात तरी थाळी कातायचीच आहे. नवा चक सहसा सपाट पाठीचाच येणार. वाचणार ती फक्त जुन्या चकाची किंमत, आणि तीही कधी कधी वाचवू नये. जुन्या चकाची स्क्रोल, म्हणजे आतली जॉ सरकवणारी चकती, झिजली असेल तर त्याच्यावर दिवस घालवणं हा तोटाच. ते ओळखणं अवघड नाही. घासलेला गोल बार वेगवेगळ्या व्यासांचा घ्यायचा, प्रत्येक वेळी डायल बघायचा. एका ठरावीक व्यासालाच आऊट जात असेल तर स्क्रोलचा तेवढा भाग गेला. सगळीकडे सारखाच जात असेल तर दोष जॉचा किंवा थाळीचा, आणि तो काढता येतो. नव्या चांगल्या थ्री-जॉ चकालाही बनवणारे काही शतांशांची सूट मागतातच. ज्याला ती नको तो फोर-जॉ वापरतो.

असे चक मिळायच्या जागा मात्र कमी होत चालल्या आहेत. मंगळवार पेठेतला जुना बाजार अजून बुधवारी-रविवारी भरतो, पण तिथे हाताची हत्यारं जास्त. मोठा माल चिखलीच्या कुदळवाडीत मिळायचा. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली भंगाराची गोदामं पाडली. त्या गोदामांच्या आगींचा, धुराचा आणि अनधिकृत शेडचा प्रश्न खराच होता, तो मी नाकारत नाही. पण बंद पडलेल्या कारखान्याचा चक चालू कारखान्यात पोचवणारी साखळी तिथून जात होती, आणि तिच्यासाठी कुणी पर्यायी जागा आखल्याचं दिसत नाही. ती तुटली की तोच चक सरळ भट्टीत जाईल, आणि मग भाषणात ‘सर्क्युलर इकॉनॉमी’वर वेगळी स्लाइड येईल.

मोठ्या कंपन्यांचे पुरवठादारांकडे ऑडिटला येणारे लोकही या गोंधळात भर घालतात. मशीनच्या तपासणी-पत्रकात अॅक्सेसरी कुठल्या मेकची, हा रकाना बघून ‘मूळ नाही’ अशी नोंद टाकणं सोपं आहे. आयएटीएफ १६९४९ असो की आयएसओ ९००१, दोन्ही मोजमापावर उभी आहेत. मेकच्या नावावर नाही. म्हणून ऑडिटरांनी पत्रकात मेकच्या जागी पाच गोष्टी मागाव्यात: स्पिंडलच्या तोंडाचा प्रकार, थाळी कुठल्या तारखेला आणि याच स्पिंडलवर कातली की नाही, चकाच्या अंगावर आणि फेसवर डायलने दाखवलेला आकडा, चकावर कोरलेल्या कमाल फेऱ्या, आणि मशीनवर चालवायच्या कमाल फेऱ्या. हे कार्ड लेथच्या हेडस्टॉकवर लटकवायला एक दोरा आणि लॅमिनेशन पुरतं. टर्नरला ते भरायला पंधरा मिनिटं लागतील. आणि आकडे चुकीचे आले, तर चक कुठल्याही कंपनीचा असो, त्या मशीनवरचा पुढचा जॉब थांबवायचा.